सात साक्षीपट्ट्या

१

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या फाटकातून दोन नळ्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर एक खोका. खोक्यात पांढऱ्याशुभ्र ताटल्या होत्या, प्रत्येकीवर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके. वर चिठ्ठी होती: ‘आमच्या भट्टीत बसवलेल्या तुमच्या नळ्यांवरचा लेप आमच्या मालावर गळतोय. सहांपैकी चार नळ्या ठीक, दोन बाद. सोमवारपर्यंत कारण कळवा, नाहीतर पुढच्या तीनशे नळ्या आम्ही दुसरीकडून घेऊ.’

मालकीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, “लेप कुणाचा?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. तिथे लेपखान्यातली पोर उभी होती, हातात ब्रश, नाकावर राखाडी ठिपका. वर्षभर खपून लेपाची कृती तिने बसवली होती. आणि तिच्या शेजारी, कुणी न सांगता येऊन उभी राहिलेली, तिची मावशी.

मावशीला कारखान्यात सगळे रत्तीबाई म्हणत. वजनखोली त्यांच्या ताब्यात होती. तिथला काटा इतका नाजूक की पापणीचा केस ठेवला तरी आकडा हले, आणि बाई इतक्या नाजूक नव्हत्या की कुणाच्या बोलण्याने हलाव्यात. तेवीस वर्षांपूर्वी त्या इथे टेबलं पुसायला आल्या होत्या. एक दिवस तपासणी बघणाऱ्या मास्तरांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून चिमटा दिला आणि वजन करायला शिकवलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काट्याला नातं नसतं गं. भरेल तेवढंच लिहायचं.”

“सोमवारी अहवाल हवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “मास्तर सही करतील. लेपात खोट असेल तर आपण बाहेरून तयार लेप घेऊ.”

“आणि हिला?” रत्तीबाईंनी विचारलं.

“लेपच बाहेरून आला तर लेपवालीचं काय काम?” हे उत्तर टायवाल्यांनी दिलं. ते दुय्यम व्यवस्थापक होते, आणि भट्टीसमोरसुद्धा टाय सोडत नसत. तयार लेपाचं रंगीत माहितीपत्रक दोन महिने त्यांच्या खिशात होतं.

सगळे पांगल्यावर रत्तीबाई नळीपाशी उकिडव्या बसल्या. स्टेनलेस तापलं की दुधावर यावी तशी एक साय स्वतःच्या अंगावर धरतं. तीच त्याला पुढे जळू देत नाही. पण आच हजाराच्या घरात गेली आणि रोज तापणं-निवणं सुरू झालं, की ती साय तडकते, झडते. म्हणून वरून ॲल्युमिनियमचा लेप द्यायचा. तो भाजला की त्याची दुसरी साय बनते, जास्त चिवट. भाचीचा लेप म्हणजे ही दुसरी साय.

दोन्ही नळ्या राखाडी, एकसारख्या, निरोगी होत्या. फक्त एकेक चट्टा सोडून. रत्तीबाईंनी चट्ट्याच्या काठाची खपली चिमट्याने उचलली आणि उलटी केली. वरून लेप शाबूत होता, जाडी पुरी, एक तडा नाही. खालून मात्र खपली पोखरलेली होती, काळपट हिरवी, भुसभुशीत.

लेप वाईट नव्हता. लेपाच्या आधी त्या जागी कुणीतरी येऊन गेलं होतं.

२

“घाम,” रत्तीबाईंनी भाचीला सांगितलं. “धुतल्यानंतर आणि लेपाआधी कुणीतरी उघडा हात लावलाय. हातावरचं मीठ लेपाखाली अडकलं. हजार अंशाला मीठ म्हणजे घुशीचं बीळ. वरून घर उभं दिसतं, खालून भिंत पोखरलेली.”

“पण मावशी, हातमोजे न घालता सुकवणखोलीत कुणी पाऊल टाकत नाही. पाटीच आहे तशी.”

पाटी खरंच होती. मास्तरांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या अक्षरात रंगवलेली: ‘मोजा काढाल तर हात काढीन.’

“या नळ्यांवर लेप चढला त्या गुरुवारचं सांग. सुरुवातीपासून.”

भाचीने सांगितलं. नळी आम्लात धुतात, पाण्याने खळबळतात, मास्तरांच्या सुकवणखोलीत टांगतात. मास्तर तपासतात, मग ती लेप लावते. त्या दिवशी पहिल्या चार नळ्यांवर जेवणाआधीच लेप चढला. पाचवी आणि सहावी टांगलेल्या राहिल्या, त्यांची तपासणी जेवणानंतर झाली.

“आणि बाद कुठल्या झाल्या?”

“पाचवी आणि सहावी.” भाचीचा आवाज बारीक झाला. “दुपारी खोलीत मी होते गं. सगळे तेच म्हणतील.”

रत्तीबाई नळीवर वाकल्या होत्या. त्या चट्टा मोजत होत्या. नळी उचलताना हात लागला असता तर चार बोटं आणि समोर अंगठा, असे पाच डाग पडले असते. इथे एकच पट्टा होता. कडेपासून सुरू झालेला, आधी रुंद, मग निमुळता होत वीतभर गेलेला. दोन्ही नळ्यांवर हुबेहूब तसाच.

नळी कुणी धरली नव्हती. तिच्यावरून कुणीतरी अंगठा फिरवला होता.

कारखान्यात अंगठ्याचा विषय निघाला की पहिलं नाव झाकणकाकांचं. भट्टीवरचे हे काका दिवसातून शंभरदा ‘झाकण उघडू नका’ म्हणत, म्हणून हे नाव. शिवाय ते गंजहात्ये होते. काही माणसांचा घामच असा खारट असतो की धरलेलं लोखंड दुसऱ्या दिवशी तांबूस होतं. काकांच्या घराची किल्ली दर वर्षी बदलावी लागे.

“आलात का माझ्याकडे,” काका म्हणाले. “वाटच बघत होतो. कारखान्यात मांजर व्यालं तरी माझ्या हाताचं नाव येतं.”

“गुरुवारी कुठे होता, काका?”

“दवाखान्यात. लेकीला मुलगी झाली त्या दिवशी. फाटकावरच्या वहीत बघा, दिवसभर माझी सही नाही. आणि असतो तरी मला नळीजवळ कोण फिरकू देतंय? मास्तरांचे हात कसे, कोरडे, चाळीस वर्षांत एका खिळ्याला गंज चढवला नाही. आम्ही आपले खारे मासे.” काकांनी झाकण चाचपलं. “हल्ली मास्तरही बदललेत म्हणा. परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या थर्मासातलं गरम पाणी चहाला मागितलं, तर म्हणाले, हे पिण्याचं नाही. आता पिण्याचं नाही तर काय, पोहायचं?”

वहीत काकांची सही खरंच नव्हती. पण वहीच्या त्याच पानावर, दुपारच्या रकान्याशेजारी, टायवाल्यांच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: ‘छायाचित्रकार, सुकवणखोलीकडे.’

३

टायवाल्यांनी फोटो स्वतःच दाखवला, तोही हौसेने. फोटोत ते नळीशेजारी उभे होते, चेहऱ्यावर दिग्विजयी हसू, आणि उजवा हात, उघडा, नळीवर पसरलेला.

“मोजा कुठाय?” रत्तीबाईंनी विचारलं.

“फोटोत मोजे चांगले दिसत नाहीत.”

“आणि नळीवर हात चांगला दिसतो?”

टायवाल्यांनी गाठ सैल केली. “रत्तीबाई, भाचीला वाचवायला माझ्या गळ्यात घंटा बांधू नका. हा लेप बाद झाला तर मला आनंद होईल, हे मी लपवलेलं नाही. पण आनंद होणं म्हणजे पाप करणं नव्हे.”

हे मात्र बाईंना पटलं. तोंडावर बोलणारा माणूस पाठीमागे सहसा एवढे कष्ट घेत नाही. त्यांनी भिंग काढून फोटो निरखला. नळीच्या कडेला ठोकलेला आकडा स्पष्ट दिसत होता: दोन. आणि नळीचा पत्रा मळकट होता, तेलकट डागांचा.

“छायाचित्रकार दुपारचा आला म्हणून वहीत लिहिलंय.”

“दुपारी निघाला. आला सकाळी नवाला. लिहायचं राहिलं होतं.”

म्हणजे फोटो धुण्याच्याही आधीचा. त्यानंतर ती नळी आम्लात बुडाली, टायवाल्यांच्या हातासकट सगळं निघून गेलं, आणि दुसरी नळी आज बाहेर ठणठणीत चालू होती. रत्तीबाईंनी फोटो परत दिला.

“सुटलात,” त्या म्हणाल्या. “पण हसू जरा कमी करा. नळीपेक्षा दात जास्त चमकतायत.”

४

मास्तरांच्या खोलीत जाताना रत्तीबाई आजही दारात चपला काढत. तसा नियम नव्हता. सवय होती.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मास्तर दोन्ही तळव्यांत पेला धरून चहा घेत होते. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. खिडकीखाली एक पसरट तसराळं वाळत पडलं होतं, कडेला आतून पांढऱ्या वर्तुळांचे थर. रत्तीबाईंना ते पुसायची उबळ आली. टेबलं पुसणाऱ्या हाताला एवढी वर्षं चिमटा धरूनही डाग बघवत नसे.

“बस. काय भरतंय काट्यावर?”

“अजून आकडा स्थिर नाही, मास्तर. त्या गुरुवारी दुपारी पाचव्या-सहाव्याला कुणी हात लावला?”

“माझ्या खोलीत? कुणाची छाती आहे?” मास्तर हसले. “धुलाई तर अशी झाली होती की काय सांगू. पाचवी नळी तर बाळाच्या गालासारखी गुळगुळीत. त्या पत्र्यात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.”

“आणि लेपात?”

मास्तरांनी पेला खाली ठेवला, जपून, जणू पेल्याला दुखेल. “पोर हुशार आहे. पण पत्रा चांगला आणि डाग पडले, तर उरतं काय? मी खोटी सही केलेली नाही कधी. तुझ्या भाचीसाठीही करणार नाही.”

“मी कुठे मागितली?”

बाहेर पडताना बाईंना त्यांच्या बोलण्यातलं काहीतरी खुपलं, कापडाच्या धाग्यात कुसळ अडकावं तसं. पण काय, ते हाती येईना. आणि बुधवारी सकाळी शोधायला उसंतच मिळाली नाही. भाचीच्या कपाटाखाली झाडू मारताना एक रबरी मोजा बाहेर आला. त्या गुरुवारची तारीख मनगटावर शाईने लिहिलेली. उजव्या हाताचा. अंगठा फाटलेला.

५

“नळ्या भट्टीत ठेवताना फाटला,” भाची म्हणाली. “लेप लावल्यावर, मावशी. लेपाआधी धड होता.”

“मग लपवलास का?”

“कारण कुणी विश्वास ठेवला नसता. तूसुद्धा आत्ता ठेवत नाहीयेस.”

रत्तीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हिच्या पहिल्या पावलापासून सगळी पावलं त्यांनी पाहिली होती. विश्वास होताच. पण विश्वास काट्यावर ठेवता येत नाही.

“अंगठा दाखव,” त्या म्हणाल्या. पोरीचा अंगठा बारीक होता, चट्ट्याच्या रुंद टोकाच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणजे थोडा दिलासा. पण ‘थोडा’ अहवालात लिहीत नाहीत.

प्रत्येक नळीबरोबर त्याच पत्र्याची एक छोटी पट्टी धुतात, लेपतात, भाजतात. तिला साक्षीपट्टी म्हणतात. नळी तोडून बघता येत नाही, पट्टी येते. रत्तीबाईंनी सात कोऱ्या पट्ट्या काढल्या, कडेला कानशीने एक ते सात खाचा पाडल्या, धुवून घेतल्या आणि बशीत मांडून फिरल्या.

“मोजा काढा आणि एकदाच अंगठा ओढा.”

पहिली भाचीची. दुसरी झाकणकाकांची. (“ही तर आत्ताच गेली बघा.”) तिसरी टायवाल्यांची.

“म्हणजे आम्ही सगळे संशयित?”

“पाचव्या पट्टीवर माझाच अंगठा आहे. रांगेत मीही उभी आहे.”

चौथी मास्तरांची. त्यांनी सकाळी, वर्तमानपत्र वाचता वाचता, सवयीने कडेपासून वीतभर अंगठा फिरवला. पट्टी लहान, त्यामुळे अर्धा अंगठा हवेतच गेला. “मला कशाला त्रास? माझे हात कोरडे, जगजाहीर आहे. अंगठा फिरवल्याशिवाय पत्रा बोलत नाही, आणि माझ्याशीच बोलतो.”

रत्तीबाई दारात थबकल्या. कुसळ हाती आलं होतं.

गुळगुळीत. बाळाच्या गालासारखी. जाड रबरी मोज्यातून लोखंडी जाळी आणि बाळाचा गाल सारखेच लागतात.

पण मग पहिल्या चार नळ्या का वाचल्या? मास्तरांनी त्यांच्यावरूनही अंगठा फिरवलाच असणार. त्यांच्या हातांनी खरंच कधी खिळा गंजवला नव्हता. जेवणाआधी आणि जेवणानंतर यांत काय बदललं? बाईंनी मान वळवली. खिडकीखाली तसराळं होतं, आणि त्यावर ती पांढरी वर्तुळं.

दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर पाच मिनिटांनी, त्या सहावी पट्टी घेऊन पुन्हा आल्या.

“सकाळची खराब झाली, मास्तर. परत द्या.”

तेवीस वर्षांत मास्तरांशी बोललेलं हे पहिलं खोटं. मास्तरांनी हात पंचाला टिपला आणि अंगठा ओढला. हात ऊन होता, ओलसर. सातव्या पट्टीला कुणीच हात लावला नाही.

भाचीने सगळ्यांवर एकाच भांड्यातला लेप लावला. गुरुवारी झाकणकाकांनी पट्ट्या भट्टीत घातल्या. गिऱ्हाइकाकडे चट्टे पडायला चाळीस दिवस लागले होते, तेवढं थांबायला वेळ नव्हता, म्हणून आच शंभर अंशांनी चढी ठेवली, आणि तासभर आत, पाव तास बाहेर, असं तापवणं-निववणं शनिवारपर्यंत चाललं. तीन दिवस काका कुणाला ‘झाकण उघडू नका’ म्हणाले नाहीत. स्वतःच उघडत होते ना.

शनिवारी दुपारी बशी बाहेर आली. भाचीने डोळे मिटून घेतले होते.

“उघड,” रत्तीबाई म्हणाल्या. “तुझी स्वच्छ आहे.”

मग त्यांनी सहा खाचांची पट्टी चिमट्याने उचलली, कागदात गुंडाळली आणि मास्तरांच्या खोलीकडे निघाल्या. चपला काढायला त्या दिवशी त्यांना जरा वेळ लागला.

६

“सातवी, हात न लावलेली, स्वच्छ,” त्यांनी सांगायला सुरुवात केली. “म्हणजे लेप चांगला. भाचीची, टायवाल्यांची, माझी, जवळपास स्वच्छ. काकांच्या पट्टीवर पुरळ उठलंय, पण काका त्या दिवशी नव्हते. तुमची सकाळची स्वच्छ.”

“मग सांगितलं काय मी? कोरडे हात.”

रत्तीबाईंनी कागद उलगडला. पट्टीवर कडेपासून एक पट्टा सोलून निघाला होता. आधी रुंद, मग निमुळता.

“ही तुमची दुपारची.”

मास्तरांनी तो पट्टा निरखला. मग त्यांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला.

“सांधे दुखतात गं,” ते म्हणाले. “पेला उचलवत नाही. डॉक्टर म्हणाले गरम पाण्यात मूठभर मीठ टाकून शेका. बायको थर्मासमध्ये भरून देते. लोकांना कळलं तर म्हणतील, म्हातारा संपला. दोनच महिने तर काढायचे होते.”

“थर्मासातलं पाणी पिण्याचं नव्हतं. तसराळ्यावर मिठाचे थर होते. नळी गुळगुळीत होती हे तुम्हाला माहीत होतं. आणि पाचवी-सहावी जेवणानंतर तपासलीत. हात टिपला की कोरडा दिसतो, पण मीठ कातडीवर राहतं.”

“मी शपथेवर सांगणार होतो, कुणी हात लावला नाही म्हणून. खोटं नव्हतो बोलत. माझा हात मी कधी धरलाच नाही मोजणीत. पाटी लिहिली तीही इतरांसाठी.” त्यांनी पट्टी उजेडात धरली. “दिव्याखाली अंधार, तो हाच. तू ही दडपू शकली असतीस. आज शनिवार आहे, मी म्हातारा आहे.”

“आणि भाचीचं नाव अहवालात राहिलं असतं.”

“भाची नसती तर?”

रत्तीबाईंनी थोडा विचार केला, कारण प्रश्न खरा होता. “काट्याला नातं नसतं, मास्तर. दोन्ही बाजूंनी नसतं.”

मास्तर खाली बघत हसले. “वजन किती घटलं हिचं?”

“अकरा पूर्णांक चार मिलिग्रॅम.”

“म्हणजे रत्तीचा दहावा भागही नाही. चाळीस वर्षांचा तोरा एवढासाच भरला होय.”

सोमवारी सगळे जमले तेव्हा अहवाल मास्तरांनीच वाचला. तो चार ओळींचा होता. लेप निर्दोष. पत्रा निर्दोष. कारण: तपासणाऱ्याचा उघडा अंगठा, मिठाच्या पाण्याने ओला झालेला. अंगठा कुणाचा, हे चौथ्या ओळीत होतं, पूर्ण नावानिशी, आणि खाली सही. सही वाकडी होती, कारण पेन धरायला त्रास होत होता आणि आता तो लपवायचं कारण उरलं नव्हतं.

मालकीणबाईंनी अहवाल जसाच्या तसा पाठवायला सांगितलं. टायवाल्यांनी माहितीपत्रक खिशातून काढलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. माणसाला कुठे वाकावं ते कळत होतं. गुरुवारी उत्तर आलं: दोन नळ्या बदलून द्या, तीनशे पाठवायला घ्या, लेप हाच हवा.

शुक्रवारी सकाळी सुकवणखोलीत पहिली नळी टांगली गेली. पाटीखाली आता सहा खाचांची पट्टी लटकत होती. भाचीने मास्तरांसमोर मोज्यांचा जोड धरला. सगळ्यात मोठा, दुखऱ्या सांध्यांवरून सहज चढेल असा, शोधून आणलेला.

मास्तरांनी मोजे घातले, नळीवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. “काही कळत नाही गं. मुकी झाली.”

“हे घ्या.” तिने त्यांच्या बोटांत कापसाचा बोळा दिला. “धुतलेला आहे. नुसता फिरवा. खरखरीत असेल तिथे धागा अडकेल.”

मास्तरांनी बोळा कडेपासून वीतभर ओढला. मग थांबले, एक पाऊल मागे आले, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. एका जागी केसभर धागा अडकला होता. चाळीस वर्षांच्या अंगठ्याला जी कडा कदाचित लागली नसती, ती.

दारातून रत्तीबाईंनी विचारलं, “बोलला का पत्रा?”

“बोलला,” मास्तर म्हणाले. “पण माझ्याशी नाही. कापसाशी.” आणि नळी उतरवून त्यांनी ती पुन्हा धुवायला पाठवली.